अन्य भाषा आली नाही म्हणजे पवित्र आत्मा मिळाला नाही का?

नगरकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घराणं तीन पिढ्यांपासून जुन्या मिशनच्या मंडळीतलं. दोन वर्षांपासून त्या एका पेन्टेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या, सहभागितेत शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला जातात. तिथली प्रार्थना त्यांना जिवंत वाटते, वचनाची भूक लागली ती तिथेच. पण दर वेळी त्यांना पुढे बोलावतात, डोक्यावर हात ठेवतात आणि 'जीभ सैल सोडा, आम्ही म्हणतो तसं म्हणा' असं सांगतात. अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेत तोंडून येणारे न शिकलेले, न समजणारे उच्चार, काही येत नाहीत. आता एकाने सांगितलं की तुमच्यात लपलेलं पाप आहे. दुसरीने सांगितलं की तुमचं तारणच झालेलं नाही. इकडे घरच्या मंडळीतले वडील, म्हणजे तिथले ज्येष्ठ पुढारी, म्हणतात की अन्य भाषा प्रेषितांबरोबर संपल्या, आज चालतं ते ढोंग तरी आहे किंवा सैतानाचं काम तरी. ताई विचारतात, यातलं खरं काय, आणि माझ्यात कमी काय आहे?

ताई, आधी उत्तर देतो, कारणं नंतर. तुमचं तारण ख्रिस्तावरच्या विश्वासाने झालं आहे आणि ते तुमच्या जिभेवर अवलंबून नाही. मी पेन्टेकॉस्टल पाळक आहे, अनेक वर्षं हीच सेवा करतो आहे आणि स्वतः अन्य भाषेत प्रार्थना करतो. पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा हा खरा अनुभव आहे, तो आजही मिळतो आणि प्रत्येक विश्वासणाऱ्याने तो मागावा, असं मी मनापासून मानतो आणि शिकवतो. म्हणूनच तुम्हाला जे ऐकवलं गेलं त्याने मला फार वाईट वाटलं. आमच्याच शिकवणीचं नाव घेऊन तुमच्यावर असं ओझं टाकलं गेलं, जे ती शिकवण टाकतच नाही.

आम्ही नेमकं काय मानतो ते नीट पाहू, कारण सभांमध्ये तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, नवा जन्म. माणूस पश्चात्ताप करून ख्रिस्ताकडे येतो तेव्हा पवित्र आत्मा त्याच्यात राहायला येतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल स्वच्छ सांगतो की ज्याच्या ठायी ख्रिस्ताचा आत्मा नाही तो ख्रिस्ताचा नाही. म्हणजे तुम्ही ख्रिस्ताच्या असाल तर आत्मा तुमच्यात आहेच. दुसरी गोष्ट, आत्म्याचा बाप्तिस्मा. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात प्रभू ज्यांना सामर्थ्याची वाट पाहायला सांगतो, ते आधीच त्याचे शिष्य होते. त्यांना मिळणार होतं ते साक्षीसाठी लागणारं बळ. तिसरी गोष्ट, अन्य भाषा. आमच्यातल्या बहुतेक पंथांच्या मते ती या दुसऱ्या अनुभवाची खूण आहे. तारणाची खूण ती नाही. तुम्हाला 'तारण झालं नाही' असं सांगणाऱ्याने तिसरी गोष्ट उचलून थेट पहिलीच्या जागी ठेवली.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. पेन्टेकॉस्टल म्हणवणाऱ्यांत एक धारा अशी आहे जी फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देते, त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव ही) शिकवण मानत नाही आणि अन्य भाषेशिवाय नवा जन्म पूर्ण होत नाही असं शिकवते. ही धारा १९१३ नंतर अमेरिकेत वेगळी झाली. तुमची सहभागिता त्यातली असेल तर तिथे तारणाबद्दल असं बोलणं हा एखाद्याचा तोल जाणं नसून त्यांची ठरलेली शिकवण आहे. तिथल्या पाळकांना सरळ विचारा: तुम्ही पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देता का? उत्तरावरून तुम्हाला कळेल.

आता वचन. कृत्यांच्या पुस्तकात लोक आत्म्याने भरल्याचे जे प्रसंग लूक सांगतो, त्यांवर आमची सगळी मांडणी उभी आहे. दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात वाऱ्यासारखा नाद झाला, अग्नीच्या जिभांसारखं काही प्रत्येकावर उतरलं आणि सगळे अन्य भाषांतून बोलू लागले. दहाव्या अध्यायात कैसरियाला कर्नेल्याच्या घरी पेत्राचं बोलणं चालू असतानाच आत्मा उतरला. पेत्राबरोबर आलेले यहूदी थक्क झाले, कारण हे परराष्ट्रीय अन्य भाषांतून बोलताना आणि देवाची थोरवी गाताना त्यांनी ऐकलं. एकोणिसाव्या अध्यायात इफिस इथल्या सुमारे बारा पुरुषांवर पौलाने हात ठेवले तेव्हा ते अन्य भाषांतून बोलले आणि त्यांनी संदेशही दिले. या तीन ठिकाणी अन्य भाषा उघड लिहिलेली आहे. आठव्या अध्यायात शोमरोनात ती लिहिलेली नाही, पण शिमोन जादूगाराला पैसे देऊन विकत घ्यावंसं वाटलं असं काहीतरी डोळ्यांना दिसलं होतं. नवव्या अध्यायात दमिष्कात हनन्याने पौलावर हात ठेवले तिथेही ती लिहिलेली नाही, पण पुढे पौल करिंथकरांना सांगतो की मी तुम्हा सर्वांपेक्षा अधिक भाषांतून बोलतो.

आमचे शिक्षक या पाच प्रसंगांतून नियम काढतात. मला ही मांडणी पटते, पण तिचं वजन किती हेही मी प्रामाणिकपणे सांगतो. लूक इथे घडलेलं सांगतो आहे. 'प्रत्येकाला असंच होईल' अशी आज्ञा किंवा वचन त्याने कुठेही लिहिलेलं नाही. घडलेल्या गोष्टींवरून आपण एक रीत ओळखतो, ती धरून चालतो, पण तिच्या जोरावर एखाद्या बहिणीला देवाच्या घराबाहेर उभं करता येत नाही. कर्नेल्याच्या घरी तर पाण्याच्या बाप्तिस्म्याआधीच आत्मा आला, आणि शोमरोनात तो पाण्याच्या बाप्तिस्म्यानंतर कितीतरी दिवसांनी आला. आत्म्याने स्वतःच आपला क्रम बदलला, हेही त्याच पुस्तकात आहे.

'खूण' या शिकवणीला आजचं रूप कसं आलं ते कळलं तर तुमची भीती बरीच कमी होईल. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपीका शहरात चार्ल्स पॅरहम यांची छोटी बायबल शाळा होती. तिथे १ जानेवारी १९०१ रोजी ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी प्रार्थनेत अन्य भाषेत बोलली. अन्य भाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, हे सूत्र पॅरहम यांनी तिथून पुढे नेलं. पुढे ह्यूस्टनमध्ये विल्यम सिमूर हा गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा त्यांच्याकडे शिकायला आला. तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला वर्गाबाहेर बसून ऐकावं लागलं. तोच सिमूर १९०६ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसला अझूसा स्ट्रीटवरच्या एका पडक्या इमारतीत सभा घेऊ लागला. काळे, गोरे, मेक्सिकन, बायका, मोलकरणी सगळे एकत्र गुडघे टेकू लागले. तिथून ही चळवळ जगभर गेली.

त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये पॅरहम स्वतः तिथे आले. काळे-गोरे असे मिसळून प्रार्थना करताना पाहून त्यांना किळस आली आणि त्यांनी त्या सभांचा निषेध केला. ताई, हे मी वारंवार शिकवतो. ज्या माणसाने खुणेचं सूत्र मांडलं त्याला आत्म्याने केलेलं काम समोर असून ओळखता आलं नाही, कारण मनात रंगाचा गर्व होता. सिमूर यांनी पुढे आग्रहाने सांगितलं की प्रेम नसेल तर नुसत्या भाषेवरून आत्मा ओळखू नका. आपल्याकडे कुणाच्या घरी जेवायचं आणि कुणाच्या घरात मुलगी द्यायची हे आजही जात बघून ठरवणारे, आणि रविवारी अन्य भाषेत गर्जणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची भाषा खोटी होती असं मी म्हणत नाही. पण एकाच खुणेवर समाधान मानलं तर माणूस कुठे थांबतो हे मला तिथे दिसलं.

१९१४ साली असेंब्लीज ऑफ गॉड हा पंथ स्थापन झाला आणि १९१६ च्या त्यांच्या विश्वासविधानात अन्य भाषा ही बाप्तिस्म्याची पहिली दिसणारी खूण म्हणून आली. त्यावर त्यांच्यातच वाद झाला. एफ. एफ. बॉसवर्थ हे नामांकित प्रचारक अन्य भाषा मानत होते, पण ती एकमेव खूण आहे हे त्यांना मान्य नव्हतं. १९१८ मध्ये ते बाहेर पडले. इंग्लंडमध्ये एलिम मंडळ्या उभ्या करणारे जॉर्ज जेफ्रीज यांनीही एकाच खुणेचा हट्ट धरला नाही. म्हणजे 'भाषा नाही तर बाप्तिस्मा नाही' हे सगळ्या पेन्टेकॉस्टल जगाचं एकमुखी म्हणणं कधीच नव्हतं.

आणि ही गोष्ट फक्त अमेरिकेतून आली असंही नाही. तुमच्या घरापासून दौंडमार्गे रेल्वेने काही तासांवर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. अझूसा स्ट्रीट सुरू होण्याच्या जवळजवळ एक वर्ष आधी तिथे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, आलं. मुक्तीत तेव्हा बालविधवा होत्या, १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या मध्य प्रांतातल्या आणि गुजरातेतल्या मुली होत्या. कुणाला जगात विचारणारं माणूस नव्हतं. वेल्समधल्या आणि मग खासी टेकड्यांमधल्या संजीवनाच्या बातम्या येत होत्या. १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुली मागितल्या. सुरुवातीला सत्तरच्या आसपास आल्या, जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. २९ जूनच्या रात्री एका मुलीवर आत्मा आला. मिनी अब्राम्स या तिथल्या मिशनरी बाईंनी लिहून ठेवलं आहे की तिच्या सोबतच्या मुलीला तिच्याभोवती आग दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. मग पापांचा कबुलीजबाब, रडणं, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना, आणि त्यानंतर आनंद. मुली गटागटाने आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या. योएल संदेष्ट्याने सांगितलं होतं की तुमच्या मुली संदेश देतील आणि दासींवरही मी आपला आत्मा ओतीन. केडगावात ते शब्दशः घडलं.

आणि त्या वेळी तिथे अन्य भाषा नव्हती. ती १९०६ च्या अखेरीस आली. दौंडला मुलांचं अनाथालय चालवणारे मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी मुक्तीत जाऊन ती ऐकली आणि तसं लिहिलं. १९०७ साली मुक्तीच्या पत्रकात रमाबाईंनी यावर आपलं मत मांडलं. अन्य भाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एक खूण आहे आणि तिला शास्त्रात आधार आहे असं त्या मानतात, पण ती एकमेव आणि आवश्यक खूण आहे याला शास्त्रात आधार सापडत नाही, असं त्यांनी लिहिलं. टीका करणाऱ्यांपुढे त्यांनी आपल्या मुलींची बाजू घेतली. अन्य भाषेत बोलणाऱ्या मुलींना त्यांनी थांबवलं नाही आणि न बोलणाऱ्यांना कमी लेखलं नाही. मिनी अब्राम्स यांचंही मत जवळपास तसंच होतं. त्यांची पुस्तिका १९०७ मध्ये चिलीतल्या व्हालपाराइसो गावी विलिस आणि मेरी हूवर या मेथडिस्ट जोडप्याच्या हाती पडली. मेरी ही अब्राम्स यांची शिकागोतली जुनी सहाध्यायी. १९०९ मध्ये तिथे जे संजीवन झालं त्यातून चिलीतल्या मोठ्या पेन्टेकॉस्टल मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि अन्य भाषा हीच एक खूण असा आग्रह त्यांनीही धरला नाही.

रमाबाई स्वतः अन्य भाषेत बोलल्याची नोंद माझ्या वाचनात कुठेच नाही. पण त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. ते काम त्यांनी १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटेपर्यंत केलं, आणि मुक्तीच्या छापखान्यात त्याचे खिळे मुलींनी जुळवले. या बाईंना आत्म्याचं सामर्थ्य मिळालं नव्हतं असं कुणी माझ्यासमोर म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. पुढच्या वेळी 'तुमच्यात काहीतरी कमी आहे' असं कुणी म्हणेल तेव्हा केडगावचं नाव घ्या. तो तुमच्या मातीतला वारसा आहे, तुमचा हक्काचा.

आता त्या 'आम्ही म्हणतो तसं म्हणा' बद्दल. इथे मी कडक बोलणार आहे. अक्षरं शिकवून म्हणवून घेणं, 'हालेलूया' भराभर म्हणायला लावून जीभ अडखळली की 'मिळालं, मिळालं' म्हणून टाळ्या वाजवणं, हनुवटी हलवणं, ढकलणं, हे मी आमच्या मंडळीत होऊ देत नाही. कृत्यांच्या पुस्तकात कुणी कुणाला अक्षरं शिकवलेली नाहीत. असं मिळवलेलं बोलणं म्हणजे कार्बाइडने पिकवलेला आंबा: वरून पिवळा, आत आंबट. मी अशा अनेकांना नंतर भेटलो आहे. सभेत सगळे आनंदले म्हणून ते गप्प राहिले, पण घरी गेल्यावर त्यांना माहीत होतं की हे आपणच केलं. मग आत्म्याबद्दलच शंका आली, आणि काही तर मंडळीच सोडून गेले. न आलेल्या भाषेने जेवढं नुकसान होत नाही तेवढं बळेच आणलेल्या भाषेने होतं.

आमच्याकडे मी हे असं करतो. कुणी आत्म्याचा बाप्तिस्मा मागत असेल तर आधी काही आठवडे बसून वचन शिकवतो, वर सांगितलेले पाचही प्रसंग त्यांच्याकडूनच वाचून घेतो. कुणाशी वैर असेल तर ते मिटवायला सांगतो. ही काही अट नाही, आत्मा आपण कमवत नसतो. पण मनात राग धरून प्रार्थना खोल जात नाही, एवढं मी पाहिलं आहे. मग लहान गटात, वेळ हातात ठेवून, स्तुती करत बसतो. स्त्रीसाठी प्रार्थना असेल तर माझी पत्नी किंवा वयस्कर बहिणी हात ठेवतात. आवाज चढवत नाही, माइक लावत नाही. लूकाच्या अकराव्या अध्यायातलं वचन वाचतो, की तुम्ही वाईट असून आपल्या मुलांना चांगल्या देणग्या देता, तर स्वर्गीय पिता मागणाऱ्यांना किती विशेषेकरून पवित्र आत्मा देईल. मग थांबतो. काहींना त्याच दिवशी भाषा येते. काहींना महिन्यांनी, घरात भांडी घासताना किंवा पहाटे एकट्याने प्रार्थना करताना येते. काहींना येत नाही. त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना करत राहतो, आणि रविवारच्या शाळेत शिकवायला, आजाऱ्यांकडे जायला, साक्ष द्यायला त्यांना तेवढ्याच आदराने पाठवतो.

ती येते तेव्हा कशी असते, हेही तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. मला बेशुद्धी आली नाही, अंग ताठलं नाही. स्तुती करताना माझे शब्द संपले आणि तोंडातून न समजणारे उच्चार येऊ लागले. तोंड माझं, श्वास माझा, आवाज माझा. मी थांबवू शकत होतो, पुन्हा सुरू करू शकत होतो. शब्द मात्र मी जुळवत नव्हतो. पौल म्हणतो की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. म्हणून 'मला आवरलंच नाही' असं सांगून कुणी सभेत गोंधळ घातला तर ते निमित्त मी स्वीकारत नाही.

आपल्याकडे हे पाहिलेले शेजारी लगेच म्हणतात की हे अंगात येण्यासारखंच आहे. तुमच्याही घरी कुणी म्हणालं असेल. फरक मी असा सांगतो. अंगात येतं तेव्हा माणसाच्या जागी दुसरं कुणीतरी बोलतं असं मानतात, आणि पुष्कळांना नंतर काही आठवत नाही. अन्य भाषेत माणूस स्वतः देवाशी बोलत असतो, पूर्ण शुद्धीवर असतो आणि त्याला सगळं आठवतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग यांनी २००६ साली अन्य भाषेत प्रार्थना करणाऱ्या पाच स्त्रियांच्या मेंदूतला रक्तप्रवाह तपासला. त्या भजन गात असतानाच्या तुलनेत मेंदूच्या पुढच्या भागातलं काम कमी झालेलं दिसलं. शब्द आपण जुळवत नाही, या अनुभवाशी ते जुळतं. ते कुणाकडून येतात हे यंत्र सांगू शकत नाही, आणि मीही त्या तपासणीवर माझा विश्वास उभा करत नाही.

इथेच एक गोष्ट पाळक म्हणून बजावतो. लांबलचक उपास, रात्र-रात्र जागरण, मग झोप उडणं, भराभर बोलणं, 'देव मला सतत आज्ञा देतो' असं वाटणं, हे दिसलं तर त्याला अभिषेक समजू नका. त्या माणसाला जेवू घाला, झोपू द्या आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. गोळ्या चालू असतील तर प्रार्थनेच्या नावाखाली त्या बंद करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. यात विश्वास कमी पडत नाही.

ही खरीच एखादी भाषा असते का, हेही तुमच्या मनात असणार. चळवळीच्या सुरुवातीला पुष्कळांना तसं वाटलं. पॅरहम यांची तर खात्री होती की मिशनऱ्यांना आता परदेशी भाषा शिकावीच लागणार नाही. अझूसा स्ट्रीटचे आल्फ्रेड आणि लिलियन गार हे जोडपं १९०७ च्या सुरुवातीला कलकत्त्याला आलं ते आपल्याला बंगाली मिळाली आहे या विश्वासाने. तिथे कळलं की लोकांना त्यांचं काही समजत नाही. त्यांनी घरी परतायचं तिकीट काढलं नाही, की आपला अनुभव खोटा होता असंही मानलं नाही. ही देवाशी बोलायची प्रार्थनेची भाषा आहे, हे त्यांना उमगलं आणि ते सेवा करत राहिले. मला त्यांचा तो प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. पुढे विल्यम सॅमरिन या भाषाशास्त्रज्ञाने अनेक ठिकाणची ध्वनिमुद्रणं अभ्यासून १९७२ मध्ये सांगितलं की यात बोलणाऱ्याच्या माहितीतलेच ध्वनी असतात आणि भाषेची रचना सापडत नाही. याने माझा विश्वास डळमळत नाही. पहिल्या करिंथकरांच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतोच की अन्य भाषा बोलणारा माणसांशी नाही तर देवाशी बोलतो, आणि ते कुणाला समजत नाही. यरुशलेमात लोकांना आपापल्या भाषा ऐकू आल्या, करिंथात तसं झालं नाही. दोन्ही शास्त्रात आहे. पण म्हणूनच मंचावरून 'ही बहीण अरबीत बोलली' असले दावे मी करू देत नाही. सिद्ध न झालेली गोष्ट देवाच्या नावावर सांगणं म्हणजे खोटी साक्ष.

तुमच्या घरच्या मंडळीतल्या वडिलांचं म्हणणंही ऐकून घ्यायला हवं. त्यांचा आधार बहुधा त्याच पत्राचा तेरावा अध्याय आहे: भाषा असल्या तरी त्या समाप्त होतील, पूर्ण येईल तेव्हा अपूर्ण नाहीसं होईल. काही जण 'पूर्ण' म्हणजे नव्या कराराची पुस्तकं लिहून होणं असा अर्थ घेतात. पण तिथेच पुढे पौल म्हणतो की तेव्हा आपण समोरासमोर पाहू. ते अजून झालेलं नाही. आणि चौदाव्या अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की अन्य भाषा बोलण्यास मना करू नका. वडिलांशी वाद घालू नका, पण हे वचन त्यांच्यासमोर आदराने ठेवता येईल. सैतानी म्हणण्याआधी त्यांनी थांबावं. दुसरीकडे त्यांच्या तक्रारीत तथ्यही आहे: पौल सभेत दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावं आणि कुणीतरी अर्थ सांगावा असं म्हणतो, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहून स्वतःशी आणि देवाशी बोलावं असं म्हणतो. हे न पाळणाऱ्या सभा पाहून मंडळीतल्या त्या वडिलांचं मन विटलं असेल तर दोष आमच्याकडे येतो.

'सगळेच अन्य भाषा बोलतात काय?' हा पौलाचा प्रश्न बाराव्या अध्यायात आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' असंच अपेक्षित आहे. आमचे शिक्षक म्हणतात की तिथे सभेत संदेश देण्याच्या कृपादानाबद्दल तो बोलतो, खासगी प्रार्थनेबद्दल नाही. हा भेद मला ग्राह्य वाटतो, पण माझं म्हणणं आहे की त्यावर फार भार टाकू नये. प्रत्यक्षात काय आहे तेही पाहा. प्यू या संशोधन संस्थेने २००६ मध्ये दहा देशांत पाहणी केली. त्यातल्या सहा देशांत, दर दहा पेन्टेकॉस्टल लोकांमधल्या चारांहून अधिकांनी आपण कधीच अन्य भाषेत प्रार्थना करत नाही असं सांगितलं. तुमच्या शुक्रवारच्या सभेतही असे असतील. ते बोलत नाहीत, कारण तुम्हाला काय ऐकवलं गेलं ते त्यांनी ऐकलं आहे.

तेव्हा आता काय करायचं. पुढच्या सभेआधी तिथल्या पाळकांना, बरोबर कुणी बहीण घेऊन, भेटा आणि सांगा की मला आत्म्याने भरायचं आहे, प्रार्थना जरूर करा, पण शिकवलेले शब्द मी म्हणणार नाही आणि दर शुक्रवारी पुढे येणार नाही. चांगला पाळक हे ऐकून घेईल, कदाचित त्यालाही हायसं वाटेल. लपलेल्या पापाबद्दल विचाराल तर, देव पाप दाखवतो तेव्हा नाव घेऊन दाखवतो. मनात तसं काही नेमकं आलं तर कबूल करा आणि सोडून द्या. नेमकं काहीच नसेल तर दुसऱ्याच्या संशयावरून स्वतःला खोदत बसू नका. तरीही तिथे दबाव चालूच राहिला तर दुसरी सहभागिता शोधा. घरची मंडळी मात्र त्यासाठी सोडू नका. रविवारी आईवडिलांबरोबर उपासनेला जा. पेन्टेकॉस्टल अनुभव जुन्या मंडळ्यांमध्ये राहूनही मिळतो. १९६७ पासून कॅथलिक मंडळीत हेच चाललं आहे, आणि आपल्या देशात केरळातल्या मुरिंगूरच्या डिव्हाइन रिट्रीट सेंटरमध्ये लाखो कॅथलिक त्यासाठी येऊन गेले आहेत.

घरी रोज मागत राहा. आपल्या मराठीत मागा, मोठ्याने स्तुती करा, स्तोत्रं वाचा, शब्द संपले तर शांत बसा. भाषा येते का याकडे लक्ष ठेवू नका. आणि एखाद्या दिवशी ती आलीच, तर लगेच सभेत जाहीर करू नका. एखाद्या प्रौढ, शहाण्या बहिणीला तेवढं सांगा. पहिल्यांदा दोन-चार उच्चारच येतील, दुसऱ्याच दिवशी 'हे मीच केलं का' अशी शंका येईल. ती पुष्कळांना येते, मलाही आली होती. तरी प्रार्थना थांबवू नका. पौल म्हणतो तसं आत्म्याने प्रार्थना करा आणि बुद्धीनेही करा, दोन्ही रोज. आणि सभेत बोलावंसं वाटलं तर अर्थ सांगणारं कुणी आहे का हे आधी तिथल्या मंडळीच्या वडिलांना विचारून घ्या.